मरणाची शिकवणी आणि फी भरणारे

मराठीच्या अभ्यासात काही वाक्ये अशी आहेत की ती इतकी वर्षे वापरात राहूनही कुणी तपासून पाहिलेली नाहीत. 'मृत्यूच्या निकट दर्शनाने माणसाची जीवनदृष्टी आमूलाग्र बदलते' हे त्यांपैकी एक. आत्मचरित्रांच्या प्रस्तावनांत ते असते, शोकसभांतील भाषणांत असते, परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तिकांत तर ठरलेल्या जागी असते. लेखक आजारी पडला, अपघातातून वाचला, घरातले कुणी डोळ्यांसमोर गेले की पुढचा परिच्छेद आपोआप लिहिला जातो: त्याला जीवनाची क्षणभंगुरता कळली, क्षुद्र गोष्टी गळून पडल्या, तो अंतर्मुख झाला. विद्यार्थी हे लिहितो, आपण त्याला गुण देतो, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न थोडे शब्द बदलून पुन्हा विचारतो.

या वाक्याविरुद्ध प्रस्तुत लेखकाचे तीन आक्षेप आहेत. पहिला असा की मरण हे या बदलाचे कारण नसते. फार तर निमित्त असते. दुसरा असा की बदल ज्याला म्हणायचे तो क्षणात होत नाही, त्याला वर्षे लागतात आणि साधने लागतात. ती सर्वांजवळ नसतात. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: मरणाला शिक्षक केले की ज्याच्या हलगर्जीमुळे ते मरण ओढवले, तो सुटतो. आक्षेप ज्या क्रमाने मांडले त्याच क्रमाने पाहू.

पहिल्या आक्षेपासाठी तुकोबांपासून सुरुवात करणे योग्य होईल, कारण या वाक्याचे सर्वांत मोठे साक्षीदार म्हणून त्यांनाच उभे केले जाते. इ. स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर ते विरक्त झाले, असे आपण शिकवतो. पण परंपरेने जपलेल्या याच चरित्रात आणखी एक प्रसंग आहे. घरातील सावकारीची खतपत्रे वाटली गेली. तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली आणि धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला वाटा ठेवून घेतला. या प्रसंगाकडे आपण नेहमी त्यागाची कथा म्हणून पाहतो. वास्तविक तो आपल्या सिद्धान्तावरचा सर्वांत मोठा आघात आहे. दुष्काळ एक, घर एक, मरणे तीच. आणि दोन सख्ख्या भावांचे निर्णय दोन. मरण हेच जर कारण असते, तर खतपत्रांच्या दोन्ही वाटण्या नदीत जायला हव्या होत्या.

आणि त्याच घरात तिसरी व्यक्ती होती: तुकोबांची दुसरी पत्नी, जिजाबाई. तिनेही तोच दुष्काळ पाहिला. तिची जीवनदृष्टी बदलली की नाही, हा प्रश्न साडेतीनशे वर्षांत आपल्याला सुचलेला नाही. तिच्या वाट्याला कजाग बायकोची भूमिका आली. ज्या घरात नवरा विरक्त झाला आहे, त्या घरातील चूल पेटती ठेवणे ही दुष्काळाने दिलेली जीवनदृष्टीच नव्हती, असे कशावरून? उपासमारीने माणसे मरताना पाहिलेली स्त्री धान्याच्या दाण्यासाठी भांडते, तेव्हा ती मरण विसरलेली नसते. तिला ते पुरते लक्षात असते. तुकोबांचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट ते त्यांचे स्वतःचे ठरते. दुष्काळाने अनेक लाख माणसे गाठली, पण तुकाराम एकच झाला; म्हणून श्रेय दुष्काळाला देणे हा तुकोबांचाच अपमान आहे. जे घडले ते त्यांच्या घरी आधीपासून असलेल्या विठ्ठलभक्तीतून, त्यांच्या भाषेतून आणि त्यांच्या निर्णयातून घडले.

दुसऱ्या आक्षेपाकडे वळू. येथे जागतिक वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध साक्ष तपासणे आवश्यक आहे. २२ डिसेंबर १८४९ रोजी पीटर्सबर्गच्या चौकात दस्तयेवस्कीला देहदंडासाठी उभे करण्यात आले आणि अखेरच्या क्षणी शिक्षा बदलल्याचे जाहीर झाले. मरण इतक्या जवळून पाहणारा आणि ते शब्दांत मांडू शकणारा माणूस विरळा. म्हणून या प्रसंगाचा दाखला वारंवार दिला जातो. पण दाखला देणारे दोन गोष्टी वगळतात. एक म्हणजे पुढे १८६०च्या दशकात हाच लेखक युरोपातील जुगारघरांत रुलेटच्या चक्रापुढे पैसा आणि दिवस उधळीत होता. दुसरी अधिक महत्त्वाची. 'इडियट' या कादंबरीत (१८६८-६९) मिश्किन अशाच एका वाचलेल्या माणसाची हकीकत सांगतो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या माणसाला वाटले होते की आयुष्य परत मिळाले तर एकेक मिनिट हिशेबाने जगेन. मग त्याने त्या संपत्तीचे काय केले, असे विचारल्यावर उत्तर येते की तसे तो मुळीच जगला नाही; कितीतरी मिनिटे त्याने वाया घालवली. स्वतः वधस्तंभापुढून परतलेल्या लेखकाने आपल्या अनुभवावर दिलेला हा निवाडा आहे. साक्षीदार स्वतःच सांगतो आहे की साक्षात्कार टिकला नाही, आणि आपण मात्र त्याच्या नावावर साक्षात्कार खपवतो.

वैद्यकशास्त्राने या बाबतीत केलेले काम लक्षात घेण्याजोगे आहे. नेदरलँड्समधील पिम व्हॅन लोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास केला. तो २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६२ जणांनी, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांनी, त्या अवस्थेतील काही विशेष अनुभव सांगितला. उरलेल्यांजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. संशोधकांनी दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनी पुन्हा भेटी घेतल्या, तेव्हा दिसले की अनुभव सांगणाऱ्यांमधील बदलही सावकाश, काही वर्षांत रुजत गेला. त्या अनुभवांचे स्वरूप काय, हा वादाचा विषय आहे आणि तो येथे सोडून देऊ. आपल्या कामाचे एवढेच: मरणाच्या उंबरठ्यावरून परतणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक काहीही 'पाहून' येत नाहीत, आणि जे बदलतात ते परतल्यानंतरच्या जगण्यात बदलतात.

मराठीत या विषयावरचे सर्वांत वाचले गेलेले पुस्तक आमच्या शेजारच्या गडचिरोलीतून आले आहे. डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे राजहंस प्रकाशनाचे पुस्तक दोन दशकांहून अधिक काळ वाचले जात आहे. ऐन चाळिशीत हृदयविकाराने गाठलेल्या डॉक्टरची ही कहाणी. शीर्षकात 'साक्षात्कार' हा शब्द असल्याने ते आमच्या सिद्धान्ताच्या बाजूने वापरले जाते. पण पुस्तक नीट वाचणाऱ्याला काय आढळते? आहार, चालणे, प्राणायाम, ध्यान, ताणाचा बंदोबस्त, आणि स्वतःवरच केलेल्या प्रयोगांच्या काटेकोर नोंदी. मरणाने एका दिवसात दृष्टी दिली असती, तर या सगळ्याची गरज काय होती? झटका अल्प काळाचा असतो. बदल हा त्यानंतर जाणीवपूर्वक केलेला दीर्घ उद्योग असतो. शिवाय तो उद्योग करणारा माणूस आधीच घडलेला होता. 'सर्च' ही संस्था बंग दाम्पत्याने १९८०च्या दशकातच उभी केली होती. गडचिरोलीतील बायका-मुलांच्या मरणाशी त्यांचे नाते स्वतःच्या छातीत कळ येण्यापूर्वीचे आहे. किंबहुना असे म्हणता येईल की या माणसाची जीवनदृष्टी दुसऱ्यांच्या मरणाने आधीच घडवली होती. स्वतःच्या मरणाच्या चाहुलीने त्याची दिनचर्या बदलली. लोकप्रिय वाचन मात्र नेमके उलटे चालते.

आता साधनांचा प्रश्न. हे लिहितो आहे ते सडक अर्जुनीत बसून. हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की वर्ग ओस पडतात, कारण विद्यार्थी बांधीत चिखलात उभे असतात. त्याच दिवसांत विंचू-साप निघतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो. कित्येकदा दंशाची वेदनाही होत नाही, पहाटे पापण्या मिटू लागतात तेव्हा कळते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला आहे, आणि त्यांतील बहुतेक मरणे खेड्यांतली आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला माणसे जंगलात जातात. ते जंगल नवेगाव-नागझिऱ्याचे, वाघ-अस्वलांचे. मरणाचे निकट दर्शन ही येथे आयुष्यात एकदा घडणारी घटना नाही. तो हंगामाचा भाग आहे.

या लोकांची जीवनदृष्टी बदलते की नाही? आमच्या सिद्धान्ताप्रमाणे या तालुक्यात घरोघर तत्त्वचिंतक निघायला हवे होते. ते निघत नाहीत, तेव्हा सिद्धान्त वाचवण्यासाठी एक हीन युक्ती वापरली जाते: 'हे लोक नशिबावर हवाला ठेवणारे, त्यांना मरणाचे काही वाटत नाही.' हे सरळसरळ असत्य आहे. दंशातून वाचलेला मजूर घरी येतो आणि उसनवारी करून एक खाट आणि मच्छरदाणी आणतो. लेकरांना खाटेवर निजवतो, मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली नीट खोचतो. शेजाऱ्याला कुणी मांत्रिकाकडे नेऊ लागले तर हा आडवा होतो आणि दवाखान्याच्या रस्त्याला लावतो. हीच जीवनदृष्टी. ती वाक्यात सापडत नाही, वागण्यात सापडते. आमची समीक्षा वाक्ये गोळा करते, म्हणून तिला खाट दिसत नाही. डॉ. बंग यांनी चालायला सुरुवात केली तो साक्षात्कार, आणि मजुराने जमिनीवरून खाटेवर अंथरूण नेले ती मात्र किरकोळ गोष्ट, हा भेद अनुभवातला नाही. तो कुणाजवळ लिहायला कागद आणि सवड आहे यातला आहे.

दलित आत्मकथनांनी हे आपल्याला कधीच शिकवायला हवे होते. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतपणात मरणाच्या दारात जाणाऱ्या मुलींची वर्णने आहेत. तेथे मरण हे 'माझ्या' आयुष्याला कलाटणी देणारे वळण नाही; ते 'आमच्या' जिण्याची रोजची स्थिती आहे. शीर्षकातील 'आमुचं' हा शब्दच त्याची ग्वाही देतो. आणि त्या जिण्यात खरोखर पालट घडवला तो मरणाने नव्हे, आंबेडकरांच्या चळवळीने. मरण तर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसलेले होते. त्याने काहीही शिकवले नाही. शिकवले ते माणसांनी माणसांना. माझ्या मते मराठीत या प्रश्नावर दिलेले हे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे, आणि 'मृत्यूचिंतन' या शीर्षकाखाली आपण ते कधीही शिकवत नाही.

येथून तिसरा आक्षेप सुरू होतो.

९ जानेवारी २०२१ रोजी, भल्या पहाटेच्या अंधारात, भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बालके मेली. भंडारा आमचा जुना जिल्हा. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत आम्ही त्याच जिल्ह्याचे. त्या दहा मरणांनी कुणाची जीवनदृष्टी समृद्ध झाली? हा प्रश्न विचारतानाच तो किती अश्लाघ्य आहे हे कळते. त्याच वर्षी कोरोनाची दुसरी लाट आली; प्राणवायूच्या सिलिंडरसाठी माणसे गावोगाव धावली. लाट ओसरल्यावर मराठी नियतकालिकांत, दिवाळी अंकांत, भाषणांत एकच सूर ऐकू येऊ लागला: 'या महामारीने आपल्याला जगायला शिकवले.' कुणाला शिकवले? जे वाचले त्यांना. शिकवणी वाचलेल्यांनी घेतली आणि फी मेलेल्यांनी भरली. प्राणवायूचा तुटवडा हा धडा नव्हता. तो तुटवडा होता. आगीतून शिकायचे ते क्षणभंगुरत्व नव्हे. विजेची जोडणी कोण तपासणार, रात्रपाळीत कक्षात कोण असणार, अग्निशमनाची तपासणी कधी होणार, हे शिकायचे असते. पण 'मृत्यू हा महान शिक्षक' असे एकदा म्हटले की चौकशी अहवालाची जागा चिंतन घेते, आणि चिंतनाला कुणीही जबाबदार नसते.

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाकडे जाणारी शिवशाही बस आमच्याच तालुक्यात, कोहमारा-गोंदिया मार्गावर उलटली. अकरा प्रवासी मेले, अनेक जखमी झाले. त्या मार्गावरून आमचे विद्यार्थी एसटीने ये-जा करतात. गावाच्या नावातच 'सडक' आहे. सडकेने आम्हांला बाजार दिला, महाविद्यालय दिले, आणि मरणही तीच आणून देते. वाचलेल्या प्रवाशांच्या दृष्टीत काय पालट झाला असेल, याची कल्पना करून मी लिहिणार नाही. तो त्यांचा अधिकार आहे. पण एवढे निश्चित सांगता येते की ज्याला रोज कामावर, शाळेत, दवाखान्यात जायचे आहे, त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसमध्येच चढावे लागते. त्याला 'क्षुद्र गोष्टी' गळून पडू देण्याची मुभा नाही, कारण त्याचे सगळे आयुष्य ज्यांना आपण क्षुद्र म्हणतो त्या गोष्टींचेच बनलेले आहे: तिकीट, हजेरी, रोजी, औषध. जीवनदृष्टी बदलण्याआधी जीवन बदलण्याची सोय असावी लागते.

यावर दोन प्रतिवाद होतील, त्यांची दखल घेतली पाहिजे.

पहिला प्रतिवाद असा: हा लेख साहित्याकडून समाजकार्याची अपेक्षा करतो, मृत्यूविषयीचे चिंतन ही साहित्याची सनातन भूमी आहे आणि ती रस्त्यांच्या व दवाखान्यांच्या प्रश्नांत बुडवणे हे अरसिकपणाचे आहे. माझे उत्तर असे की सनातन भूमीचा नकाशाही नीट वाचावा. कठोपनिषद घ्या. यमाच्या दारात तीन रात्री थांबलेल्या नचिकेताला तीन वर मिळतात. आपण शिकवतो तिसरा: मरणानंतर माणूस उरतो की नाही, त्याचे ज्ञान. पण त्याने मागितलेला पहिला वर कोणता? आपल्या वडिलांचा राग शमावा, आणि मी परत जाईन तेव्हा त्यांनी मला ओळखून आनंदाने जवळ घ्यावे. प्रत्यक्ष मृत्यूसमोर उभ्या राहिलेल्या मुलाला सर्वप्रथम घर आठवले. ब्रह्मज्ञान तिसऱ्या क्रमांकावर आले. उपनिषदाने हा क्रम लावला आहे, मी नव्हे. खाट आणणारा मजूर पहिला वर मागतो आहे. त्याला अरसिक ठरवणारा रसिक उपनिषदही अर्धेच वाचतो.

दुसरा प्रतिवाद अधिक प्रामाणिक आहे: काही माणसे खरोखर बदलतात, त्यांच्या अनुभवाला खोटे म्हणणारे तुम्ही कोण? मी तो खोटा म्हणत नाही. दीर्घ आजारातून उठलेला माणूस जुने वैर मिटवतो, मृत्युपत्र करतो, दारू सोडतो, रखडलेले लिखाण पूर्ण करतो. अशी माणसे आपल्या सर्वांच्या ओळखीत असतात. माझे म्हणणे एवढेच की त्याचे श्रेय त्या माणसाला द्या, त्याची सेवा करणाऱ्यांना द्या, आणि तो बदल त्याच्या कृतींत मोजा. वैर खरोखर मिटले का, दारू सहा महिन्यांनी सुटलेलीच होती का, हे विचारा. मरणाला श्रेय दिले की या माणसाचे कष्ट पुसले जातात, आणि जो बदलू शकला नाही तो उगाच उथळ ठरतो. मरण जवळून पाहून घाबरलेला, चिडचिडा झालेला, रात्री झोप न येणारा माणूसही असतोच. तोच अधिक असतो. त्याच्यासाठी मराठी समीक्षेजवळ एकही शब्द नाही, कारण तो शिकवणीत नापास झालेला विद्यार्थी आहे.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडया भरतात आणि रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. त्यांत मरणाचे प्रवेश असतात, नायक मरताना दीर्घ भाषण करतो, प्रेक्षक रडतात, आणि उजाडल्यावर कामाला लागतात. शहरी समीक्षक याला भडकपणा म्हणतो. मला त्यात एक शहाणपण दिसते. मरणारा माणूस भाषण करतो ते रंगमंचावर, हे या प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. त्याने घरात मरणारी माणसे पाहिलेली असतात आणि ती बहुधा पाणी मागतात. फसगत होते ती आपली, पुस्तकी वाचकांची. रंगमंचावरचे भाषण आपण जीवनाचे सत्य म्हणून टिपून घेतो आणि प्रश्नपत्रिकेत घालतो.

तेव्हा मराठीच्या अध्यापकांपुढे एक साधी सूचना ठेवतो. 'मृत्यूच्या दर्शनाने लेखकाच्या जीवनदृष्टीत झालेला बदल स्पष्ट करा' या धाटणीचा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी विचारावे: त्या प्रसंगानंतर लेखकाने काय केले? ते करण्यासाठी त्याच्याजवळ काय होते? त्याच घरात, त्याच प्रसंगात आणखी कोण होते, आणि त्यांच्याविषयी पुस्तक काय सांगते? हे तीन प्रश्न तुकोबांना लावा, जिजाबाई दिसू लागेल. दस्तयेवस्कीला लावा, जुगारघर दिसेल आणि त्यासोबत त्याचा प्रामाणिकपणाही दिसेल. 'जिणं आमुचं'ला लावा, चळवळ दिसेल. आणि रोवणीचा चिखल धुऊन वर्गात आलेल्या मुलीला ते लावू द्या. तिला पहिल्यांदा वाटेल की या विषयावर आपल्यालाही काही ठाऊक आहे. आज ती गाईडातले 'क्षणभंगुर' पाठ करून येते, आणि तिच्या घरात मच्छरदाणी कोणत्या रात्रीनंतर आली हे तिला कुणीच विचारत नाही.